सैन्याच्या यादीत घरचा, कागदावर परका

यादीत कोण येते

अमेरिकेत राहणाऱ्या पुरुषाने अठरावे वर्ष पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांच्या आत ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’ या सरकारी यंत्रणेकडे नाव नोंदवावे, असा तिथला कायदा आहे. उद्या युद्ध पेटले आणि सक्तीची सैन्यभरती पुन्हा सुरू करावी लागली, तर कोणाला बोलवायचे याची ही तयार यादी. सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली आणि १९७५ मध्ये नोंदणीही स्थगित झाली. पुढे सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९८० च्या जुलैत नोंदणी पुन्हा सुरू केली. १९६० पासून पुढे जन्मलेल्या पुरुषांना ती लागू आहे. सव्विसाव्या वाढदिवशी नोंदणीची मुदत संपते. जाणूनबुजून नोंद न करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. स्त्रियांना नोंदणी नाही. त्यांना वगळणे घटनाबाह्य ठरत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ‘रॉस्टकर विरुद्ध गोल्डबर्ग’ या खटल्यात दिला.

या यादीत नागरिक येतात, ग्रीन कार्डधारक येतात, निर्वासित आणि आश्रय मागणारे येतात. आणि ज्यांच्याकडे त्या देशात राहण्याचा एकही वैध कागद नाही, ते तरुणही येतात. लहानपणी आईवडिलांबरोबर सीमा ओलांडून आलेला किंवा व्हिसा संपल्यावर मागे राहिलेला मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याच्यावर हे बंधन येते. वगळले जातात ते पर्यटक, विदेशी विद्यार्थी, मुत्सद्दी, आणि एच-१बीसारख्या व्हिसावर कामाला आलेले लोक व त्यांची मुले. ही सवलतही व्हिसा वैध असेपर्यंतच.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीशी नाते

गेल्या तीन दशकांत ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधून संगणक क्षेत्रातले हजारो अभियंते एच-१बी व्हिसावर अमेरिकेत गेले. त्यांची मुले एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर वाढली. यांतल्या अनेकांचा जन्मदाखला ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचा, पहिला पासपोर्ट ठाण्याच्या पासपोर्ट कार्यालयातला, आणि बालवाडीपासूनचे सगळे शिक्षण मात्र न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातले.

नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे दहा-दहा वर्षांहून लांब झाली आहे. रांगेत असतानाच मुलगा एकवीस वर्षांचा झाला की तो आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतो. घरांत याला ‘एज आऊट होणे’ म्हणतात. २००२ च्या एका कायद्याने वय मोजण्याची पद्धत थोडी सैल केली, पण इतक्या लांब रांगेला ती पुरत नाही. मग त्याने विद्यार्थ्याचा व्हिसा घ्यायचा, स्वतःचा एच-१बी मिळवायचा, किंवा ज्या देशात तो फक्त सुट्टीत येतो त्या देशात ‘परत’ जायचे. यांतले काहीच जमले नाही आणि तो तिथेच राहिला, तर तो आउट ऑफ स्टेटस होतो, म्हणजे कागद नसलेल्यांत जमा होतो. वय सव्वीसच्या आत असेल, तर सैन्यनोंदणीचे बंधन त्याच्यावर येते ते नेमके याच वेळी.

उथळ समज आणि त्याविरुद्धचे प्रतिपादन

या विषयावर दोन मते सर्रास ऐकू येतात. पहिले असे, की नोंदणी हा निव्वळ एक फॉर्म आहे. १९७३ पासून कोणालाही बोलावणे आलेले नाही, तेव्हा त्यात अर्थ शोधू नये. दुसरे असे, की कागद नसलेल्याचे त्या देशाशी नातेच नाही. तो परका, आणि परक्याने हक्काची भाषा करू नये. दोन्ही मते एकाच ठिकाणी चुकतात. सैन्याच्या यादीत कोणाला घ्यायचे हे ठरवताना राज्य ‘आपला कोण’ याचे उत्तर देत असते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

प्रतिपादन असे: अमेरिकी राज्य कर्तव्य मागताना वास्तव्याचे माप लावते आणि हक्क देताना कागदाचे. ही दोन मापे एकाच माणसाला एकाच वेळी लावणे अन्याय्य आहे. ज्याला राज्याने संरक्षणाच्या यादीत घेतले, त्याला नागरिकत्वाकडे जाणारी वाट देण्याची जबाबदारी त्या राज्यावर पडते. ही वाट लांब असू शकते, सशर्त असू शकते. ती मुळीच नसणे मात्र समर्थनीय नाही.

पहिली पायरी: कोणाला वगळले

यादीचा अर्थ तिच्यातून वगळलेल्या लोकांवरून कळतो. पर्यटक वगळला, कारण तो पाहुणा आहे. विदेशी विद्यार्थी वगळला, कारण तो शिकून परत जाणार असे गृहीत धरले आहे. एच-१बीचा अभियंता वगळला, कारण कायद्याच्या भाषेत तोही तात्पुरता आहे. कायद्याने इथे पाहुणा आणि घरचा अशी स्पष्ट रेघ ओढली आहे, आणि कागद नसलेल्या तरुणाला रेघेच्या आत, घरच्यांच्या बाजूला ठेवले आहे. ही कोणाची नजरचूक नव्हे. कायद्याची शब्दरचनाच नागरिक आणि देशात वास्तव्य करणारा अन्य प्रत्येक पुरुष अशी आहे.

याचा एक परिणाम विलक्षण आहे. डोंबिवलीत जन्मलेला आणि वयाच्या तिसऱ्या वर्षी न्यू जर्सीला गेलेला मुलगा अठराव्या वर्षी एच-४ वर असेल, तर कायद्याने तो पाहुणा. त्याच शाळेत, त्याच बाकावर बसणारा कागद नसलेला मुलगा घरचा. दोघांचे आयुष्य सारखेच असते. पुढे पहिल्या मुलाचा व्हिसा संपला, की एक कायदा त्याला देश सोडायला सांगतो आणि त्याच देशाचा दुसरा कायदा सांगतो: आता तू इथला रहिवासी, सैन्याच्या यादीत नाव घाल. एका खात्याने परका ठरवायचे आणि दुसऱ्याने घरचा, अशा अवस्थेत त्या मुलाने नेमके कोणाचे ऐकायचे?

दुसरी पायरी: सक्ती आहे, स्वेच्छा नाही

कागद नसलेल्या या तरुणाला सैन्यात स्वतःहून जायचे ठरवले तरी जाता येत नाही. अमेरिकी सैन्यात स्वेच्छेने भरती होण्यासाठी साधारणतः नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागते. विशेष भाषा किंवा वैद्यकीय कौशल्य असणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी काही वर्षे ‘मावनी’ नावाची योजना होती. २०१४ मध्ये ती ‘डाका’खालच्या तरुणांनाही खुली झाली, आणि थोड्याच काळात बंद पडली. ‘डाका’ म्हणजे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या प्रशासनाने १५ जून २०१२ रोजी जाहीर केलेली सवलत: लहानपणी आलेल्या, कागद नसलेल्या तरुणांची हकालपट्टी ठरावीक मुदतीपुरती लांबणीवर टाकायची आणि त्यांना कामाचा परवाना द्यायचा. ही सवलत मिळालेल्या पुरुषांवरही नोंदणीचे बंधन आहे.

स्वेच्छेने सैन्यात गेलेल्या परदेशी व्यक्तीला अमेरिकेत नागरिकत्व लवकर मिळते. त्यासाठी वेगळी कलमे आहेत. म्हणजे ज्या दारातून जाऊन हक्क मिळतो ते स्वेच्छेचे दार या तरुणाला बंद, आणि ज्या दारातून केवळ ओझे येते ते सक्तीचे दार उघडे. ‘ड्रीम ॲक्ट’ या विधेयकाने हाच गुंता सोडवायचा प्रयत्न केला. २००१ मध्ये ते पहिल्यांदा मांडले गेले. नंतरच्या मसुद्यांत दोन वर्षे महाविद्यालयीन शिक्षण किंवा दोन वर्षे सैन्यसेवा असे दोन मार्ग दिले होते. २०१० च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने ते मंजूर केले. सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदानाला जाण्यासाठी लागणारी ६० मते मिळाली नाहीत, ५५ वर गाडी अडली.

तिसरी पायरी: कायद्याने मान्य केलेले, पण एकतर्फी नाते

सैन्यसेवा आणि नागरिकत्व यांचा संबंध हा कोणा भावनाप्रधान माणसाने जोडलेला नाही. अमेरिकी कायद्यानेच तो जोडला आहे, आणि तोही शिक्षेच्या अंगाने. आपण परदेशी आहोत या कारणावरून सैन्यसेवेतून सूट मागून घेतलेली व्यक्ती, काही अपवाद सोडले तर, नागरिकत्वाला कायमची मुकते. नोंदणी न केलेल्या तरुणाचा नागरिकत्वाचा अर्जही अडतो. सव्विसाच्या आत असेल तर आधी नोंद करावी लागते. सव्वीस ते एकतीसच्या दरम्यान असेल तर नोंद जाणूनबुजून टाळली नाही हे दाखवावे लागते. एकतीसनंतर ही अडचण साधारणतः उरत नाही.

कर्तव्य टाळले तर नागरिकत्व जाते, हे कायदा मानतो. मग कर्तव्य पत्करले तर नागरिकत्वाकडे एक पाऊल पडते, हे त्याने का मानू नये? तराजूचे एकच पारडे वजनाला लावायचे, हा हिशोब कोणत्याही बाजारात चालणार नाही.

चौथी पायरी: इतिहासाची साक्ष

पहिल्या महायुद्धात ५ जून १९१७ रोजी अमेरिकेत एकवीस ते तीस वयाच्या सर्व पुरुषांची नोंद झाली, परदेशी नागरिकांसह. प्रत्यक्ष सक्ती मात्र नागरिकत्वाचा इरादा लेखी जाहीर केलेल्या परदेशी व्यक्तींवरच होती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी निदान एवढा तरी मेळ होता: ज्याने देशात सामील होण्याचा रस्ता धरला त्यालाच युद्धावर न्यायचे. आजच्या यादीतल्या कागद नसलेल्या तरुणाला इरादा जाहीर करायचीही सोय नाही.

त्या काळातही मेळ पुरता पाळला गेला नाही, आणि फटका भारतीयाला बसला. भगतसिंग थिंद १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यात गेले आणि सन्मानाने निवृत्त झाले. त्यांना नागरिकत्व मिळाले, काढून घेतले गेले, पुन्हा मिळाले. आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवले. कॅलिफोर्नियातले वकील सखाराम गणेश पंडित यांनी थिंद यांची बाजू लढवली होती. निकालानंतर सरकारने पंडित यांचेही नागरिकत्व काढून घ्यायचा प्रयत्न केला; पंडित लढले आणि त्यांनी ते राखले. थिंद यांना नागरिकत्व शेवटी मिळाले ते १९३६ मध्ये, महायुद्धात लढलेल्यांसाठी १९३५ मध्ये केलेल्या कायद्याखाली. ज्या देशाने त्यांना रंगावरून नाकारले, त्याच देशाच्या संसदेला शेवटी गणवेशाचा हक्क मान्य करावा लागला.

दुसरा दाखला मताधिकाराचा. व्हिएतनाम युद्धात अठरा वर्षांच्या मुलांना सक्तीने पाठवले जात होते, पण मतदानाचे वय बहुतेक राज्यांत एकवीस होते. जे युद्धाला जातात त्यांना युद्धावर मत देता येत नाही, ही विसंगती लोकांना असह्य झाली आणि १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मताधिकाराचे वय अठरावर आले. सैन्याची यादी पुढे धावली आणि हक्कांची यादी मागे राहिली, तर दुसरीला पहिलीशी जुळवून घ्यावे लागते, हे अमेरिकेने स्वतःच्या मुलांसाठी मान्य केले होते.

पाचवी पायरी: कल्याण कॅम्पची नोंद

नोंदणीचा दुसरा अर्थ पाहायला कल्याणच्या बाहेर जावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ सैनिकांसाठी तळ उभारला होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना त्याच बराकींत ठेवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. कॅम्प नंबर १ ते ५ ही नावे आणि पत्त्यांतले बराक क्रमांक अजून बोलण्यात आहेत.

या लोकांच्या नागरिकत्वाची सोय राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने केली. स्वतः, किंवा आईवडील वा आजीआजोबांपैकी कोणी, अविभाजित भारतात जन्मलेले असावे, ही मूळ अट. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथेच राहिलेला आपोआप नागरिक ठरला. त्या तारखेनंतर आलेल्याने सहा महिने राहून अर्ज करायचा आणि नेमलेल्या अधिकाऱ्याने त्याची नोंद करायची. ती नोंद म्हणजेच नागरिकत्व. कर्तव्ये त्यानंतर आली. संरक्षणासाठी हाक आल्यास सेवा देण्याचे मूलभूत कर्तव्य तर अनुच्छेद ५१-क मध्ये १९७६ मध्ये घातले गेले, आणि तेही फक्त नागरिकांवर.

फाळणीचे निर्वासित आणि व्हिसाच्या रांगेतली मुले यांची तुलना पूर्ण होत नाही, हे उघड आहे. एकांचे घर जळाले होते; दुसऱ्यांच्या घरी आजीआजोबा वाट पाहत आहेत. पण नोंदणी या कृतीचा क्रम दोन्हीकडे तपासता येतो. कल्याणच्या सैनिकी बराकींत माणसाचे नाव लिहिले गेले ते त्याला आत घेण्यासाठी. सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये कागद नसलेल्या तरुणाचे नाव लिहिले जाते आणि तो होता तिथेच, उंबऱ्याबाहेर राहतो.

आक्षेप आणि उत्तरे

‘बोलावणे येतच नाही, मग ओझे कसले?’ ओझे आजही आहे. नोंद केली नाही तर केंद्र सरकारची नोकरी बंद, अनेक राज्यांत वाहन परवान्याशी ही नोंद जोडलेली, नागरिकत्वाच्या अर्जात प्रश्न ठरलेला. शिवाय ही यादी संकटासाठीच ठेवली आहे. वापर झाला नाही म्हणून तिचा अर्थ पुसला जात नाही. विम्याचा हप्ता भरणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

‘कर तर सगळेच भरतात, त्याने हक्क मिळत नाही, मग नोंदणीनेच का मिळावा?’ हा आक्षेप वजनदार आहे. कर हा बराचसा सेवांचा मोबदला असतो: रस्ता वापरला, शाळा वापरली, पैसे दिले. पर्यटकही हॉटेलच्या बिलावर कर भरतो. पण पर्यटकाला सैन्याच्या यादीत कोणी घालत नाही. सैन्यसेवेची मागणी ही जिवाची मागणी आहे, आणि जिवाला बाजारभाव नसतो. ती मागणी सहसा आपल्या माणसाकडेच केली जाते. म्हणून कराच्या पावतीला जो अर्थ नाही तो या नोंदीला आहे.

‘नियम मोडून राहिलेल्याला हे बक्षीस ठरेल.’ मुलाने नियम मोडला, असे म्हणता येत नाही. तिसऱ्या वर्षी कोणी व्हिसाचा निर्णय घेत नाही. टेक्सासच्या शाळांविषयीच्या १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात, कागद नसलेल्या मुलांना सरकारी शाळा नाकारता येणार नाही, असा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने आईवडिलांच्या कृतीचा भार मुलांवर टाकण्याला नकार दिला. आणि एच-४ वरून बाहेर पडलेल्या मुलांच्या बाबतीत तर घरातल्या कोणीच नियम मोडलेला नसतो; रांग लांब होती, एवढेच.

‘मग सैनिक तोच नागरिक, असे म्हणायचे का? स्त्रिया, अपंग, शांततावादी यांचे काय?’ प्रतिपादन तसे नाही. नागरिकत्व गणवेशाने कमवावे, असे कोणी म्हटले तर ते घातकच आहे. इथे दावा मर्यादित आहे: राज्याने वास्तव्याला एकदा मोल दिले की ते सर्व व्यवहारांत द्यावे. सैन्याची यादी हा त्या मोलाचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे, हक्काचा एकमेव आधार नव्हे. याच तर्काने यादीत नसलेल्या मुलीलाही तीच वाट मिळायला हवी, कारण तिचे वास्तव्य भावाइतकेच खरे आहे.

‘भारत तरी काय वेगळे करतो?’ नेपाळी नागरिक भारतीय सैन्यात जातात, १९५० च्या सेना अधिनियमात त्यांच्यासाठी स्पष्ट मुभा आहे, आणि मत मात्र त्यांना देता येत नाही. फरक असा की ती भरती स्वेच्छेची आहे आणि तिच्यामागे भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांचा १९४७ चा करार आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आल्यावर नेपाळने ही भरती थांबवली. सक्ती असती तर असे थांबता आले नसते. कागद नसलेल्या परदेशी व्यक्तीवर भारत संरक्षणाचे कर्तव्य टाकत नाही. ठाणे, भिवंडी किंवा मुंब्रा परिसरात असा माणूस सापडला तर त्याच्यावर परका म्हणून कारवाई होते. ती कारवाई कशी होते यावर प्रश्न विचारता येतील, विचारावेतही. पण त्याच वेळी त्याला सैन्याच्या यादीत घातले जात नाही.

बदल कोणता हवा

दोन मार्ग सुसंगत आहेत. एक, नोंदणी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरती ठेवावी. ज्याला घरात घ्यायचे नाही त्याच्याकडून पहारा मागू नये. दोन, वास्तव्याला धरून नोंदणी मागायची असेल तर वास्तव्याला धरून नागरिकत्वाची वाटही द्यावी. दुसरा मार्ग अधिक न्याय्य आहे, कारण तो वस्तुस्थिती मान्य करतो: ही मुले तिथेच वाढली आहेत. एच-४ मुलांसाठी २०२१ मध्ये मांडलेले ‘अमेरिकाज चिल्ड्रेन ॲक्ट’ हे विधेयक त्याच दिशेचे होते: अवलंबित म्हणून काढलेली वर्षे आणि महाविद्यालयीन पदवी यांना धरून कायम वास्तव्य द्यायचे. ते मंजूर झाले नाही.

मधल्या काळात यंत्रणा पुढे सरकली आहे. नोंदणीचा भार तरुणावरून काढून सरकारी नोंदींतून नावे आपोआप उचलण्याची तरतूद २०२५ च्या अखेरीस संरक्षण खर्चाच्या कायद्यात आली. आजवर सिलेक्टिव्ह सर्व्हिस नोंद करणाऱ्याचा वास्तव्याचा दर्जा विचारत नसे. कागद नसलेला तरुण त्या भरवशावर फॉर्म भरत असे. आपोआप नोंदणीत वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकमेकींना जोडाव्या लागतात, आणि कोण पाहुणा व कोण घरचा हे यंत्राला ठरवावे लागते. एच-४ वरचा मुलगा चुकीने यादीत जाणे आणि कागद नसलेला मुलगा सैन्याच्या यादीतून हकालपट्टीच्या यादीत जाणे, या दोन्ही शक्यतांविरुद्ध कायद्यात स्पष्ट संरक्षण हवे.

आपोआप नोंदणी लागू होईपर्यंत ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या कुटुंबांपुरते नियमांचे चित्र असे. एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावर असेपर्यंत मुलाने नोंद करायची नाही. सव्विसाच्या आत ग्रीन कार्ड मिळाले किंवा दर्जा गेला, तर ३० दिवसांत करायची. वय सव्वीस झाल्यानंतर प्रथमच तिथे गेलेल्याला हे बंधन कधीच नव्हते. सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत व्हिसावरच राहिलेल्याला पुढे नागरिकत्वाच्या अर्जात नोंद का नाही हे दाखवावे लागते. त्यासाठी सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून स्थितीचे पत्र मागता येते, आणि त्या पत्रासाठी जुन्या व्हिसाच्या प्रती, आय-९४ (देशातील प्रवेशाची नोंद) आणि कॉलेजने विद्यार्थी व्हिसासाठी दिलेले आय-२० हे कागद जपून ठेवावे लागतात.